ईमेलचं आवतण

ईमेल पाठवण्याआधी माणसाच्या दारात जाऊन त्याच्या हातावर हळदीच्या अक्षता ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

शिक्रापुरात हायवेपासून जरा आत त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. मी तेव्हा सणसवाडीच्या एका कंपनीत पर्चेसला होते. शेजारच्या खोलीत बिहारची पोरं, पलीकडे एक वेल्डर आणि त्याची दिवसभर शिवणयंत्र चालवणारी बायको. खोल्यांच्या मागे मालकांचं घर, घरामागे शेत, शेताला बांध. मालकांना सगळे आप्पा म्हणायचे. साठी कधीच ओलांडलेली, पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि नाडीने गळ्यात अडकवलेला चष्मा. खोली दाखवतानाच त्यांनी मला बजावलं होतं, "पाणी सकाळी येतं. संध्याकाळी त्याच्या मनात आलं तर येतं. ट्रकचा आवाज पहिले आठ दिवस लई होईल. मंग एखाद्या दिवशी ट्रक बंद राहिले तर झोप लागायची न्हाई." दोन्ही गोष्टी तंतोतंत खऱ्या निघाल्या.

या माणसाला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं होतं. कारण विचाराल तर ते तिथे प्रश्न विचारायचे. कुणी सकाळी गुलाबाचं फूल टाकलं की हे लिहिणार, "कुणाच्या मळ्यातलं हाय?" कुणी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो टाकला की, "ह्यांचा वाढदिवस मागच्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात झाला व्हता." ॲडमिन म्हणजे त्यांच्याच चुलतभावाचा नातू. त्याने एक दिवस बटण दाबलं आणि आप्पा गावाबाहेर झाले. हा घाव त्यांना चांगलाच लागला होता. आक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या की त्या दिवशी ते जेवताना भाजीला नावं ठेवायची विसरले.

एका रविवारी मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आमच्या एचआरचं मासिक न्यूजलेटर आलं होतं, रंगीत, मोठ्या साहेबांच्या फोटोसकट. आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"कंपनीच्या बातम्या, आप्पा. सगळ्यांना ईमेलवर येतात."

"वाचतं कोण?"

"कुणीच नाही."

त्यांनी चष्मा चढवून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. एचआरच्या बाईंनीही वाचलं नसेल इतक्या मनापासून वाचलं. मग म्हणाले, "ह्यात एकबी माणूस न्हाई. म्हणून वाचत न्हाईत. आपण काढू एक."

'आपण' म्हणजे टाइप मी करायचं, हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पत्राचं नाव ठेवलं 'बांधावरून'. दर रविवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून, ओट्यावर मांडी घालून आप्पा सांगायचे आणि मी लिहायचे. सुरुवातीला मी त्यांचं बोलणं शहाण्यासारखं शुद्ध करत असे. त्यांनी एकदा वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "हे कोण बोलतंय? तलाठी?" त्या दिवसापासून जसंच्या तसं. एका अंकातला मजकूर मला अजून पाठ आहे: "विहिरीचं पाणी टिकून हाय. खालच्या आळीत शेळी व्याली, दोन्ही करडं काळी. बिबट्या बघितला म्हणणारी माणसं वाढली, बिबट्या हाय तेवढाच हाय. एसटी फाट्यावर कमी थांबते म्हणून आम्ही डेपोत अर्ज दिला. आता अजिबात थांबत न्हाई."

पुढाऱ्यांचे वाढदिवस नाहीत, राजकारण नाही, गुलाब नाहीत. कुणी वारलं तर आधी त्या घरी जाऊन यायचं, मगच लिहायचं. एवढे नियम मला पटले. घोडं अडलं ते माणसं जोडण्यापाशी.

आमच्या परभणीकडेही हे आहेच, पण शिरूर तालुक्यात मी ते जास्त कडक पाहिलं. लग्नाची छापील पत्रिका पोचली, फोन झाला, तरी आवतण झालं असं कुणी धरत नाही. घरातलं माणूस अक्षता घेऊन दारात आलं तरच आवतण. नाही आलं, तर मांडव समोर पडलेला असला तरी माणूस घरात बसून खिडकीतून बँड ऐकेल, पण जेवायला जाणार नाही. आप्पांच्या मते ईमेललाही हाच कायदा लागू होता. कुणाचा पत्ता आपल्याकडे आहे म्हणून त्याला पत्र पाठवणं म्हणजे भलत्याच्या पानात भात वाढणं.

म्हणून ते घरोघर जायचे. हातात पितळी वाटी, वाटीत हळदीच्या अक्षता, मागे कधीमधी मी, लाजेने अर्धमेली. दारात उभं राहून त्यांचं ठरलेलं बोलणं असायचं. "दर रविवारी सकाळी येतं. वाचा, नका वाचू. रुसायचं आसंल तर सांगून रुसा. घेणार का?" समोरचा हो म्हणाला, अक्षता कपाळाला लावल्या, की मी फोनमध्ये पत्ता लिहून घ्यायचा. मुलगा पुण्याला, सुरतेला किंवा दुबईला असेल तर अक्षता त्याच्या आईच्या हातावर. आईने पोराला फोन करायचा, आणि पोराने स्वतःच्या तोंडाने हो म्हणायचं. एका माउलीचा पोरगा मीटिंगमध्ये होता. आप्पा त्याची मीटिंग संपेपर्यंत तिच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले.

मला हे बघवेना. मी कॉमर्सची पदवीधर, रोज शेकडो सप्लायर्सना एका क्लिकवर मेल पाठवणारी! मी म्हणाले, "आप्पा, चहाच्या टपरीवर एक क्यूआर कोड लावू. माझ्या कंपनीतल्या सगळ्यांचे पत्ते आहेत माझ्याकडे, ते एका झटक्यात घालते."

"त्यांनी दिलेत का तुला? ह्या कामासाठी?"

"नाही, पण..."

"मंग चोरलेल्या पाहुण्यांची पंगत मला नगं."

वर माझ्याशी दोन दिवस अबोला. मीही काही कमी नव्हते, मी तीन दिवस धरला. शेवटी आक्कांनी दोघांना एकाच वेळी चहा दिला आणि विषय संपला. तडजोड म्हणून एक फॉर्म ठेवला. ज्याला हवं असेल त्याने इंटरनेटवर नाव लिहावं, पण ती नुसती चौकशी. आप्पा दारात जाऊन येईपर्यंत पत्र जाणार नाही.

प्रत्येक मेलच्या तळाशी बंद करायची लिंक असते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. पंगतीतनं उठायला वाट पाहिजे." पण पहिला माणूस खरोखर उठला तेव्हा त्यांना चैन पडेना. हडपसरला राहणारा, मूळचा गावचा एक मास्तर. दुसऱ्याच दिवशी आप्पा शेंगांची पिशवी घेऊन एसटीने हडपसरला हजर. त्या बिचाऱ्याने दार उघडलं आणि त्याला वाटलं, गावाकडे कुणी गेलं. पाणीबिणी पिऊन झाल्यावर कळलं की लिंक त्याच्या नातवाच्या बोटाने दाबली गेली होती. मी आप्पांवर चिडले. असं कुणी करत नाही, लोक घाबरतील, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी मला विचारलं, "कुणी रुसून गेलं तर तुमच्यात विचारायला जात न्हाईत?"



पत्र स्पॅममध्ये जातं हे कळल्यावर तर त्यांनी हायवेच्या खानावळीत जेवणाऱ्या माणसांचे फोन हातात घेऊन तिथून आपलं पत्र उपसून काढलं. "आपलं पत्र उकिरड्यात पडलंय आन् तू भाकरी खातोस?" माणसं हसायची, पण फोन द्यायची. एका गोष्टीला मात्र त्यांनी हात लावला नाही. पत्र कुणी उघडलं आणि कुणी नाही, हे लॅपटॉपवर दिसतं. मी एकदा कौतुकाने दाखवायला गेले तर त्यांनी पडद्यावर टोपी धरली. "झाक ते. दुसऱ्याच्या खिडकीतनं बघायचं न्हाई."

तरी पत्र वाढलं. मी केलं असतं तर वर्षभरात मेलं असतं, असं मला आता वाटतं. अक्षता घेतलेला माणूस पत्र उघडायचाच. दुबईहून, सुरतेहून उत्तरं यायची, "आमच्या विहिरीवरच्या उंबराचं काय झालं?" आप्पा उन्हातान्हात जाऊन उंबर बघून यायचे आणि पुढल्या रविवारी लिहायचे. बांधाच्या एका टोकाला मात्र कापलेल्या झाडाचं एक मोठं खोड उरलं होतं. त्याच्याबद्दल कधी एक ओळ नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बातमी न्हाई ती."

ती बातमी मला आक्कांनी सांगितली, लसूण सोलता सोलता.

आप्पांना एकच भाऊ, धाकटा. रेल्वेत होता, आता निवृत्त होऊन दौंडला घर बांधून राहिलेला. बांध दोघांच्या सामाईक मालकीचा, त्याच्यावर जांभळाचं जुनं झाड. धाकटा रात्रपाळ्या करून सुट्टीला आला की घरात न शिरता आधी त्या झाडाखाली झोपायचा. गावात कंपन्या आल्या, आप्पांनी खोल्या बांधायला काढल्या, विटांचा ट्रक त्या झाडामुळे वळेना. आप्पांनी झाड पाडलं. भावाला विचारलं नाही. पुढच्या सुट्टीला धाकटा आला, बांधावर गेला, खोडाकडे बघितलं आणि पाणीही न पिता परत गेला. तेव्हापासून आला नाही, बोलला नाही.

"हे समदं त्या दौंडच्यासाठी चाललंय," आक्का म्हणाल्या. "त्यानं वाचावं म्हणून. आन् त्यालाच आवतण द्यायला पाय उचलत न्हाई ह्यांचा."

त्या दिवसापासून मी आप्पांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. विहिरीचं पाणी, काळी करडं, न थांबणारी एसटी, हे सगळं एका माणसाला सांगायचं होतं आणि तो सोडून बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

आणि एका रविवारी फॉर्मवर दौंडचं नाव आलं. धाकट्यांनी स्वतः लिहिलं होतं, पूर्ण नाव, गाव, ईमेल. दौंडच्या कुणीतरी वाचकाने त्यांना पत्राबद्दल सांगितलं असणार. मी लॅपटॉप घेऊन शेतात पळत गेले. आप्पा पिकाला पाणी धरत होते.

"आप्पा, भाऊंनी नाव दिलंय! आत्ता घालू?"

त्यांचा चेहरा आधी उजळला, मग उतरला. फावडं चिखलात रोवून म्हणाले, "आवतणाशिवाय न्हाई."

"अहो, सख्खा भाऊ! स्वतः मागतोय!"

"सख्खा हाय म्हणूनच. परक्याच्या दारात वाटी घिऊन गेलो आन् भावाला नुसतं बटण दाबून घ्यू?"

मग जा ना, असं मी ओरडले. गेले नाहीत. एक रविवार गेला, दुसरा गेला. कधी कांदा काढायचा होता, कधी गुडघा दुखत होता, कधी गुडघा बरा झाला म्हणून त्याला विश्रांती द्यायची होती. दर रविवारी पत्र सगळीकडे जायचं आणि दौंडचं नाव तसंच ताटकळत राहायचं. माझ्या जिवाला घोर लागला होता की धाकटे कंटाळून नाव मागे घेतील आणि मग हे दार कायमचं बंद होईल.

शेवटी आक्काच पुढे झाल्या. एका सकाळी त्या नवं लुगडं नेसून, अक्षतांची वाटी पदराखाली धरून फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जाताना आप्पांना म्हणाल्या, "मी चालले दौंडला. तुमी मागनं या, न्हाईतर नका येऊ." आप्पा निमूट टोपी घालून निघाले. मला कामावर रजा टाकायला लावली, कारण पत्ता लिहून घेणारी मीच. एसटीने न्हावरा गावावरून गेलो. भीमेचा पूल लागला तसे आप्पा खिडकीतून पाण्याकडे बघत म्हणाले, "काय म्हणंल तो?" आक्का म्हणाल्या, "म्हणंल ते ऐकायचं."

धाकट्यांनीच दार उघडलं. आप्पांचीच थोडी बारीक आवृत्ती, फक्त टोपीच्या जागी टक्कल. आप्पांनी वाटी पुढे केली आणि त्यांचं ते पाठ बोलणं सुरू केलं, "दर रविवारी सकाळी येतं. वाचा, नका वाचू..." आणि पुढचं त्यांना आठवेना. शेकडो दारांत म्हटलेलं, आणि त्या एका दारात आठवेना.

"आत या," धाकटे म्हणाले. "वैनी, बसा. चहा घ्या. पर अक्षता मी आज घ्यायचो न्हाई."

"का?" आक्कांनी विचारलं.

"लोकं मला वाचून दावत्यात समदं. शेळी व्यालेली लिव्हलं, बिबट्या लिव्हला. उंबर लिव्हला दुसऱ्याचा. बांधावरनं लिव्हतो म्हणतो आन् बांधावरचं झाड तेवढं कुठं न्हाई. ज्या रविवारी ते लिव्हशील, त्या रविवारी घेईन."

चहा झाला. पुतणीचं, पावसापाण्याचं बोलणं झालं. आप्पा वाटी मांडीवर धरून बसले होते. परतीच्या एसटीत न्हावरा आलं. तेव्हा आप्पा म्हणाले, "चहा चांगला केला व्हता," आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

पुढच्या रविवारी ते आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसले. मी किबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होते. बोलायला लागले तेव्हा आवाज नेहमीचाच होता, फक्त सावकाश.

"बांधावरचं जांभळाचं झाड मी तोडलं. विटांचा ट्रक वळत नव्हता. बांध दोघांचा, झाड दोघांचं व्हतं. धाकट्याला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर तो न्हाई म्हणाला असता, म्हणून विचारलं न्हाई. ह्या रविवारी एवढंच."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लपवायचा प्रयत्न केला नाही, कारण तेही माझ्याकडे बघत नव्हते. गावभर ज्याने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, त्या माणसाला हे वाक्य किती जड गेलं असेल!

"पाठवू?" मी विचारलं. "आणि दौंडला?"

"त्यानं अक्षता कुठं घेतल्यात?"

"आप्पा! त्यांच्यासाठीच तर लिहिलंय!"

"आवतणाशिवाय न्हाई."

मी कपाळावर हात मारला आणि पाठवलं. सुरतेला गेलं, दुबईला गेलं, हडपसरच्या मास्तरांना गेलं. ज्याच्यासाठी होतं त्याला तेवढं गेलं नाही.

पण माणसं आवतणाची होती. आप्पांना पत्र पुढे ढकललेलं मुळीच आवडत नसे, आपलं ताट दुसऱ्याकडे सरकवू नये म्हणायचे. त्या रविवारी सगळ्यांनी सरकवलं. मास्तरांनी भाऊंचा नंबर शोधून पाठवलं, दुबईच्या पोराने आईला पाठवलं, आईने दौंडला फोन करून सबंध वाचून दाखवलं. दुपारी जेवणं झाली नव्हती तोच एक रिक्षा खोल्यांसमोर येऊन थांबली आणि धाकटे उतरले. घरात न शिरता थेट बांधावर गेले. खोडावर बसले. थोड्या वेळाने आप्पा गेले आणि शेजारी बसले. काय बोलले ते मला माहीत नाही, मी भिंतीआडून बघत होते आणि वारा उलटा होता.

घरात आल्यावर धाकट्यांनी फोन ओट्यावर ठेवला. "सकाळपासनं तेच वाचतोय. ज्याला त्याला मला तेच पाठवायचंय. कुठाय ती तुझी वाटी?"

आप्पा उभे राहिले, टोपी नीट केली आणि पहिल्यापासून म्हटलं, एक शब्द न गाळता. "...रुसायचं आसंल तर सांगून रुसा. घेणार का?"

"व्हय," धाकटे म्हणाले, आणि अक्षता कपाळाला लावल्या. आप्पांच्या हातातून वाटीतले उरलेले तांदूळ सांडले. ते वेचायला दोघंही एकदमच वाकले.

पुढच्या रविवारी, वडलांनी लावलेल्या जांभळाच्या आणि त्याच्यावरून पडलेल्या धाकट्याच्या आठवणींचं पत्र गेलं तसे आप्पा माझ्याजवळ सरकले. "त्यानं उघडलं का गं?" मी लॅपटॉप वळवणार तेवढ्यात त्यांनी टोपी काढून पडद्यावर धरली. "नगं. नगं सांगू." सांगायची गरजही नव्हती. थोड्याच वेळात दौंडहून उत्तर आलं, "झाड वडलांनी लावलं असं तू सगळ्यांना सांगत सुटलास ते चूक हाय. आईनं लावलेलं. आन् त्याच्यावरनं तू पडला व्हतास, मी न्हाई." आप्पा खवळले. ते खवळलेले आणि इतके खूश असे एकाच वेळी मी पहिल्यांदाच पाहत होते. तेव्हापासून अंकाच्या शेवटी 'दौंडची दुरुस्ती' हे सदर सुरू झालं आणि वाचक आधी तेच वाचू लागले.

मी पुढे नोकरी बदलून वाळूजला आले, घराचा पत्ता तेवढा आक्कांना लिहून दिला. टायपिंग धाकट्यांनी हाती घेतलं, दर रविवारी दौंडहून येऊन. नव्या गडबडीत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. सुरुवातीला चाचणी म्हणून मी यादीत स्वतःचा कंपनीचा ईमेल पत्ता टाकला होता, आणि कंपनी सोडल्यावर तो बंद पडला. पत्र परत गेलं.

एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात दोघं उभे. आप्पांच्या हातात वाटी, धाकट्यांच्या हातात आक्कांनी दिलेल्या चटणीचा डबा, आणि वाटी कुणी धरायची यावरून जिन्यातच वाद झालेला.

"पत्र परत आलं," आप्पा म्हणाले. "म्हटलं, रुसली का काय."

"अहो आप्पा, फोन करायचा! नवा ईमेल सांगितला असता!"

"फोनवर कसं? तुला तर आवतण दिलेलंच न्हाई कवा. समद्यांना दिलं, तू बाजूला उभी व्हतीस. माझ्याच ध्यानात आलं न्हाई."

त्यांनी टोपी नीट केली, वाटी पुढे धरली आणि माझ्यासारख्या भाडेकरू पोरीला, जिला ते कायम अगंतुगं करायचे, तिला दाराबाहेर उभं राहून म्हणाले, "दर रविवारी सकाळी येतं. वाचा, नका वाचू. रुसायचं आसंल तर सांगून रुसा. घेणार का?"

ते वाक्य मी त्यांच्यामागे किती दारांत लाजत ऐकलं होतं. मी आधी हात पुसून घेतले.

"लवकर बोल, पोरी," धाकटे म्हणाले. "परतीची एसटी हाय आमची."

मी ओंजळ पुढे केली.